एवढं फुललं की जातो

मामाजी,

मी अजूनही संध्याकाळी घरी आलो की फाटकाशी खाकरतो. आता त्याची काही गरज उरलेली नाही हे कळतं, पण गाडी स्टँडला लावून फाटकाची कडी काढली की घसा आपोआप साफ होतो. परवा समोरच्या गजभिये मॅडमनी रस्त्यापलीकडून विचारलंसुद्धा, "काय जी भाऊ, खोकला काहून जाऊन नाही राहिला तुमचा? दवाखान्यात दाखवा ना एकदा." त्यांना काय सांगू? हा खोकला कधी नव्हताच. ही माझ्या सासऱ्याला खुर्चीतून उठायला दिलेली सवड होती.

जावई घरात शिरला की सासऱ्यानं बसून राहू नये, ही तुमच्या गावची रीत. गावात पाळा की खुशाल. तुम्ही ती माझ्या घरी, माझ्या व्हरांड्यात, माझ्याच प्लास्टिकच्या खुर्चीतून उठून पाळायचात, आणि तीही रोज. तुमचे गुडघे असे, की आधी डावा हात टेकायचा, मग उजवा, मग देवाचं नाव, आणि मग कुठे तुम्ही. मी 'बसा, बसा' म्हणायचो आणि तुम्ही 'तुम्ही बसा आधी, जवाईबापू' म्हणायचात. या भांडणात मी कधी जिंकलो नाही. शेवटी लांबूनच खाकरून वर्दी द्यायला लागलो, म्हणजे निदान घाईनं उठताना तुमचा तोल जाऊ नये. मग तुम्ही सावकाश उठायचात, धोतर झटकायचात, आणि वर्गात साहेब आल्यावर मुलं उभी राहतात तसे मी आत येईपर्यंत उभे राहायचात.

तुम्हाला जाऊन महिना उलटला. तेरवी झाली, पाहुणे गेले, मी पुन्हा वाडीच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंगच्या खिडकीवर बसायला लागलो. पण इतके दिवस एक प्रश्न माझ्या मानगुटीवर बसून होता. तुम्ही आमच्याकडे राहिलात, की आम्ही तुम्हाला अडकवून ठेवलं? गेल्या रविवारी त्याचं उत्तर मिळालं. ते तुमच्याकडूनच मिळालं, म्हणून हे तुम्हालाच लिहितो आहे.

तुम्ही आलात ते मोतीबिंदूसाठी. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या, शेत दिनेशभाऊ बघत होता, आणि तुम्हाला समोरचा माणूस ओळखू येईना म्हणून नंदानं हट्टानं तुम्हाला नागपूरला आणलं. हातात एक खाकी थैली होती. ती तुम्ही दारामागच्या खिळ्याला अडकवलीत आणि आतले कपडे काही कपाटात लावू दिले नाहीत. नंदानं एकदा थैली धुवायला काढली तर केवढे चिडलात. "राहू दे वं नंदे. पट्टी निघाली का जातोच आहे मी. लेकीच्या घरी किती दिवस राहावं माणसानं? लोक काय म्हणतीन?"

कोण लोक, ते कधी सांगितलं नाहीत. आमच्या या लेआउटमध्ये अर्धे भाडेकरू ट्रान्सपोर्टवाले; आज आहेत, उद्या खोलीला कुलूप. इथे कोण कोणाचा सासरा आणि कोण कोणाचा काका, याची कोणाला पडलेली नाही. गावात दिनेशभाऊ आणि त्याची बायकोही तुम्हाला अर्ध्या शब्दानं बोलणारी माणसं नव्हेत. ती उलट रोज फोन करून 'बाबा, आरामात या' म्हणायची. तुमचे 'लोक' तुमच्या डोक्यातच राहत होते. घरजावई सगळ्यांनी ऐकलेला असतो. तुम्ही एकदा चहा पिता पिता म्हणालात, "मी घरसासरा होऊन राहिलो, जवाईबापू," आणि हसलात. पण त्या हसण्यात काही दम नव्हता, मामाजी. मला ते नीट दिसलं होतं.

पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि त्या नव्या डोळ्यानं तुम्ही आमचं अंगण पाहिलंत. अंगण कसलं, मुरूम, घर बांधताना उरलेल्या विटा आणि त्यात एकटंच उगवलेलं गुडघाभर रोप. "हे कोणं लावलं?" म्हणून विचारलंत. कोणीच लावलं नव्हतं. आमच्या गोदामात कधीकधी सूर्यफुलाच्या बियांची पोती उतरतात, त्यातलं एखादं फाटतं, चार दाणे माझ्या डब्याच्या पिशवीत शिरतात आणि नंदा ती पिशवी फाटकाशी झटकते. त्यातलाच एक दाणा असणार. तुम्ही वाकून पानाखाली बोट घातलंत, बुंध्याशी माती ओढलीत आणि म्हणालात, "कळी धरून राहिलं हे. आता एवढं फुललं का जातो."

ते फुललं. तेलाच्या जातीचं साधं, बशीएवढं फूल. सकाळी तुम्ही ते डोळे भरून पाहिलंत आणि दुपारी थैली खिळ्यावरून उतरवून मांडीवर घेऊन बसलात. नंदानं मला गोदामात फोन केला. तुमची लेक फोनवर रडणाऱ्यातली नाही, तुम्हाला ठाऊक आहे. ती एवढंच म्हणाली, "बाबा थैली घेऊन बसले. काहीतरी करा जी."

मी काय करणार? संध्याकाळी वाट वाकडी करून धरमपेठेतल्या एका नर्सरीत गेलो, सूर्यफुलाच्या बियांचं पाकीट घेतलं आणि तुमच्यापुढे ठेवलं. "मामाजी, हे लावायचं कसं? मला काही समजत नाही." मला खरंच काही समजत नव्हतं, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही. पाकिटावर बुटक्या झाडाचं चित्र होतं. फूल गच्च पाकळ्यांचं, मधली काळी चकती दिसतच नव्हती. नाव होतं टेडी बेअर. तुम्ही पाकीट लांब धरलंत, जवळ धरलंत, चष्मा काढून पाहिलंत.

"हा झेंडू आहे."

"सूर्यफूल आहे मामाजी. लिहिलं आहे ना वर."

"लिवणाऱ्याचं काय जाते? तुम्ही फसले, जवाईबापू. हा झेंडू आहे."

"लावून पाहू मग."

तुम्ही जरा वेळ पाकिटाकडे पाहिलंत, जरा वेळ माझ्याकडे, आणि थैली परत खिळ्याला लावलीत. "पाहू. पण एवढं फुललं का जातो मी. मग मले कोणी अडवू नका."

ते सूर्यफूल निघालं. कुंडीत कमरेएवढंही उंच झालं नाही, पण सूर्यफूलच. तुम्ही मात्र शेवटपर्यंत त्याला झेंडू म्हणालात, आणि नंदालाही म्हणायला लावलंत. आमच्या घरी आजही टेडी बेअरला झेंडू म्हणतात.

तेव्हा आम्हा दोघांना तुमची नस सापडली. उभं पीक सोडून जाणं तुम्हाला जमणारं नव्हतं. मग अंगणात काही ना काही उभं राहील, असा आम्ही बंदोबस्त केला. एक जात कळीला आली की दुसरीचं पाकीट हजर. तांबड्याकाळ्या मखमलीसारखं फूल देणारी जात आली. फिकट लिंबाच्या रंगाची आली. एका झाडाला ढीगभर फांद्या आणि प्रत्येक फांदीला वेगळं फूल, अशी पसरणारी आली. एक तर खास फुलदाणीसाठी काढलेली, तिला परागच नसतात. टेबलावर ठेवली तरी पिवळी भुकटी पडत नाही. ती पाहून तुम्ही म्हणालात, "भुकटी नाही, काही नाही. नुसतं तोंड पाहायचं? शहरातलंच आहे हे." नंदा पाकिटं उलटी करून एकच गोष्ट वाचायची, फुलायला दिवस किती. जितके जास्त, तितकी ती जात तिला आवडायची. मी आमच्याकडच्या ड्रायव्हरांनाही कामाला लावलं. एकानं कर्नाटकातून पट्ट्यापट्ट्यांच्या टपोऱ्या बिया रुमालात बांधून आणल्या, तेव्हा तुम्ही त्याला बसवून चहा पाजलात आणि त्याच्या गावचं पाऊसपाणी विचारत बसलात. मे महिन्यात तर शहाण्या माणसानं अंगणात काही लावू नये. तुम्ही हिरव्या जाळीखाली कुंड्या जगवल्यात, आणि कुलरचं पाणी बदललं की जुनं पाणी मोरीत जाऊ दिलं नाहीत.

असं करता करता मोतीबिंदूच्या एका महिन्याची वर्षं झाली. थैली खिळ्यावरच होती. तुम्ही आंघोळ करून थैलीतून धोतर काढायचात आणि वाळलेलं धोतर घडी करून पुन्हा थैलीत ठेवायचात. नंदाला ते बघवत नसे. मी तिला म्हणायचो, असू दे, थैली खिळ्यावर आहे म्हणजे माणूस घरात आहे.

आपल्या एका भांडणाचा निकाल तुम्हाला सांगायचा राहिला आहे. मी म्हणायचो, सूर्यफूल दिवसभर सूर्यामागे फिरतं. शाळेत असताना हेच शिकलो. तुमचं म्हणणं वेगळं. "लहान आहे तंवर फिरते. एकदा फुललं का नाही फिरत. मग उगवतीकडं तोंड करून उभं राहते, वाळेपर्यंत." एका रविवारी मी पेपर वाचायचं सोंग करून सकाळपासून व्हरांड्यात बसलो आणि फुलांवर नजर ठेवली. दुपार झाली, उन्हं कलली, एका फुलानं मान वळवली असेल तर शपथ. मी पेपर मिटला आणि आत जाऊन नंदाला जेवायला काय आहे विचारलं. तुम्ही सगळं पाहत होतात. जेवताना फक्त एक भाकर जास्त खाल्लीत.

आमचं फाटक पश्चिमेला, त्यामुळे उगवतीकडे तोंड म्हणजे घराकडे तोंड. रस्त्यानं जाणाऱ्याला आमच्या बागेची नुसती पाठ दिसायची. गजभिये मॅडमनी एकदा तक्रार केली, "काय जी आजोबा, तुमची फुलं आमच्याकडे पाठ करून काहून राहिली? आम्ही काय बिघडवलं त्यांचं?" तुम्ही अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "राग नका मानू मॅडम. त्यांचं घर इकडं आहे." दुसऱ्या दिवशी सकाळी लिंबाच्या रंगाची चांगली ओंजळभर फुलं कापून त्यांच्या घरी नेऊन दिलीत. त्यांनी ती स्टीलच्या तांब्यात ठेवली, अशी की तोंडं सगळी त्यांच्या सोफ्याकडे.

आणि मग ती खार. एका सकाळी बघतो तर त्या तांबड्या मखमलीच्या रोपांचे शेंडे गायब. रोपं धड, पानं धड, नेमका वरचा कोंब तेवढा नाही. दोन दिवसांनी लिंबाच्या जातीचं तेच. आमच्या भिंतीवरून रोज एक खार ये-जा करते, ती डोळ्यासमोरच होती. मी पेटलो. जाळी आणली, चमकीच्या पट्ट्या बांधल्या, बाटल्यांमध्ये खडे भरून लोंबकळत ठेवल्या. तुम्ही शेजारी उभे राहून दोऱ्याचं टोक धरलं होतंत. "खारच आहे," तुम्ही म्हणालात. "बम बदमाश जात. आणखी वर बांधा, जवाईबापू. तिथून नाही यायची." मी शिडीवर चढून आणखी वर बांधलं. चार दिवसांनी पुन्हा शेंडे गायब.

पुढे मात्र मला वेगळंच दिसायला लागलं. शेंडा गेलेलं रोप काही दिवस रुसल्यासारखं उभं राहायचं, मग पानांच्या बगलेतून फांद्या फोडायचं, आणि फुलायचं ते चांगलं उशिरा. कधी दोन, कधी तीन आठवडे उशिरा. मी मनातून खूश झालो. रात्रीच्या भाजीसाठी नंदा हरभऱ्याचा पाला निवडत होती, तिला कुजबुजत म्हणालो, "खार आपल्या पार्टीत आहे. बाबांचं जाणं तिनं लांबवलं." नंदा मान खाली घालून पाला निवडत राहिली आणि नुसतं "हं" म्हणाली. तुम्ही पलीकडून ओरडलात, "नंदे, शेंडे शेंडेच घे वं. दांड्या नको घेऊ." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माणूस किती बावळट असू शकतो, मामाजी.

माझे वडील मी शाळेत असताना गेले, हे तुम्हाला माहीत होतं, पण त्यावर आपण कधी बोललो नाही. सासरा-जावयात बोलायचे विषय ठरलेले. हवा, पाणी, पेट्रोल, तब्येत. त्याच्या पलीकडे आपण दोघंही गेलो नाही. म्हणून आता सांगतो. गोदामातून घरी येताना धुळीनं डोळे चरचरत असायचे, दिवसभर ड्रायव्हरांशी आणि माल पाठवणाऱ्या पार्ट्यांशी घसा फोडून झालेला असायचा, आणि फाटकाशी आलो की एक वडीलधारा माणूस माझ्यासाठी खुर्चीतून उठायचा. मी आल्यावर उठून उभं राहावं इतकं मोठं मला आयुष्यात कोणी मानलेलं नाही. मला संकोच वाटतो, हे मी तुम्हाला रोज सांगायचो. मला ते आवडतंही, हे सांगायचं राहिलं. तुम्ही आलात आणि मला पुन्हा एकदा बाप मिळाला, अगदी 'तुम्ही जेवले का' विचारणारा, पंक्चर काढून घ्या म्हणून मागे लागणारा, झेंडूवरून भांडणारा. एवढ्यासाठी मी जन्मभर तुमचा आहे.

दिवाळीनंतर मी सगळ्यात मोठ्या जातीचं पाकीट आणलं. मॅमथ. पुरुषाच्या डोक्यावरून जाणारं झाड, परातीएवढं फूल, आणि फुलायला सगळ्या जातींपेक्षा जास्त दिवस. नंदानंच शोधलं होतं. तुम्ही पाकीट हातात घेतलंत, उलटं केलंत. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. "जवाईबापू, मले अडकवून राहिले का तुम्ही?"

माझी अशी तारांबळ उडाली. "नाही हो मामाजी, सहज आणलं. दिसलं म्हणून आणलं."

तुम्ही बोटानं पाकीट फाडलंत. "बरं. एवढं फुललं का जातो. आता खरंच."

'आता खरंच' हे तुम्ही याआधी कधी म्हणाला नव्हतात. त्या दोन शब्दांनी मला नंतर फार छळलं.

त्यानंतर काही दिवसांनी मी फाटकाशी खाकरलो आणि आत आलो, तर तुम्ही बसलेले. मी घाबरलोच. "बरं वाटत नाही का?" विचारलं. तुम्ही पाय जरा लांब केलेत आणि म्हणालात, "बरा आहे की. कंटाळा आला रोज रोज उठायचा. बसा." मी बसलो. आपण दोघांनी एकत्र बसून चहा घेतला, दोनदा घेतला. मला फार आनंद झाला होता. त्या दिवसापासून तुम्ही उठला नाहीत, आणि मी खाकरणं सोडलं नाही. मॅमथचे कोंब तेव्हा नुकते जमिनीबाहेर आले होते.

मग ती सकाळ. गजभिये मॅडम रस्त्यावरून हाका मारत होत्या, "अहो, पाणी वाहून राहिलं तुमचं!" नंदा कणीक मळता मळता थबकली. बाबा पाणी वाया घालवणाऱ्यातले नाहीत, म्हणाली, आणि तशाच पिठाच्या हातांनी बाहेर धावली. तुम्ही खुर्चीत बसला होतात, पाइप पायाशी होता, पाणी रोपांमधून फाटकाखालून रस्त्यावर चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. मला ते खरं वाटतं, कारण तुमचा चेहरा रोज चहाची वाट पाहताना असायचा तसाच होता.

दिनेशभाऊ आला. तुम्हाला तुमच्याच शेतात न्यायचं ठरलं. पण निघालात ते आमच्या दारातून. एकदा गल्लीतून कोणाची तरी तिरडी जाताना पाहून तुम्ही म्हणाला होतात, "लेकीच्या दारातून नको बाप्पा." ते वाक्य त्या दिवशी माझ्या कानात सारखं वाजत होतं. आणि किती माणसं आली होती, मामाजी! ज्यांना शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं म्हणून मी नेहमी नावं ठेवतो, ते सगळे भाडेकरू आले. तो कर्नाटकवाला ड्रायव्हरसुद्धा गाडी बाजूला लावून आला. उभं राहायला जागा पुरेना, म्हणून मी अंगणातल्या जाळ्या, पट्ट्या, बाटल्या सगळ्या ओढून काढल्या. कोणीतरी हार आणायला निघालं तर नंदा म्हणाली, थांबा. तिनं कुंड्यांमधली टेडी बेअरची सगळी फुलं कापली आणि तुमच्या छातीवर ठेवली. शेवटी तुम्ही तुमचा झेंडूच घेऊन गेलात.

त्यानंतर मी रोज सकाळी पाणी घालत होतो, पण बागेकडे बघत नव्हतो. एकच विचार असायचा. तुम्हाला गावी जायचं होतं, आणि आम्ही बियांची पाकिटं आडवी घालून तुम्हाला थोपवून धरलं. तुम्ही 'अडकवून राहिले का' म्हणून सरळ विचारलंत आणि मी सरळ उत्तर दिलं नाही. उठणंही बहुतेक अंगात ताकद नव्हती म्हणून सोडलं असेल. नंदाशी हे बोलायची माझी हिंमत होत नव्हती. तिचे तर तुम्ही वडील.

गेल्या रविवारी भिंतीवर खार आली. मान वाकडी करून बसली, एका वाळक्या फुलातल्या बिया फोडून खाल्ल्या, टरफलं माझ्या खुर्चीवर टाकली आणि रोपांमधून धावत गेली. मी तिच्यामागे बघत राहिलो आणि मग रोपांकडे पाहिलं. मॅमथ छातीला लागत होते. दिवाळीनंतर लावलेली मखमल कमरेच्या वर होती. जाळी नव्हती, पट्ट्या नव्हत्या, बाटल्या नव्हत्या. खार रोज येत होती. आणि एका रोपाचा शेंडा गेलेला नव्हता. मी वाकून वाकून एकेक पाहिलं. सगळे शेंडे जागच्या जागी होते.

नंदा पायरीवर वालाच्या शेंगा सोलत होती. मी म्हणालो, "यंदा खार शेंडे खाऊन नाही राहिली."

तिनं वर न बघता विचारलं, "खार कधी खात होती?"

मग ती म्हणाली, "खारीनं कुरतडलं तर चोथा होते जी. ते नखानं खुडलेलं होतं. लहानपणी हरभरा खुडाले जायचो आम्ही, माझ्या बाजूच्या ओळीत बाबाच राहत. बाबाचं खुडलेलं मले दुरूनही समजते."

"मग मला सांगितलं काहून नाही?"

"कायले सांगू?" आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही शिडीवर चढून जाळी बांधून राहिले होते, ते खालून दोरा धरून राहिले होते. दोघंही खूश होते. मी कायले मधात बोलू?" आणि मग ती हसायला लागली, आणि हसता हसता तिला रडू आलं, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. शेंगा सगळ्या पायरीवर सांडल्या.

म्हणजे मामाजी, आम्ही पाकिटं उलटी करून दिवस वाढवत होतो, आणि तुम्ही पहाटे अंगणात जाऊन नखानं दिवस वाढवत होतात. हरभऱ्यात आयुष्यभर केलेलं काम. तुम्हाला पुरतं ठाऊक होतं, शेंडा खुडला की झाड फुलायला वेळ घेतं. लाज वाटत होती म्हणून 'जातो' म्हणायचात, आणि राहायचं होतं म्हणून खुडायचात. आणि मी वर शिडीवर, निरपराध खारीला शिव्या देत! 'मले अडकवून राहिले का' असं विचारलंत तेव्हा तुमच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी राग समजलो होतो. तुम्ही हसत होतात, मामाजी. आता ते चष्म्यावरचे डोळे आठवले की स्वच्छ दिसतं, तुम्ही हसत होतात.

मला तुम्हाला एकदा सांगायचं होतं की हे घर तुमचं आहे. दर वेळी ओठांवर यायचं आणि मी पेट्रोलच्या भावावर बोलायचो. पण तुम्हाला ते माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती, हे आता कळलं. ज्याला जायचं असतं तो माणूस पहाटे उठून शेंडे खुडत नाही. माझ्या मानगुटीवरचं ओझं उतरलं. राहिलात, आमच्यासाठी राहिलात आणि स्वतःच्या मर्जीनं राहिलात. हे देऊन गेलात, आणखी काय हवं?

थैली अजून खिळ्यावर आहे. दिनेशभाऊ तेरवीला विचारत होता, नेऊ का म्हणून. नंदा म्हणाली, राहू दे. मॅमथला कळी धरली आहे, चांगली मुठीएवढी. आठवड्याभरात फुलेल, आणि तोंड घराकडेच करेल. एवढं फुललं की जातो म्हणाला होतात. मी मनाशी ठरवलं होतं, ते फुललं की हात जोडायचे आणि तुम्हाला सुखानं जा म्हणायचं.

आज सकाळी पाणी घालायला गेलो. तेरवीनंतर नंदानं कोपऱ्यात मखमलीच्या बिया टाकल्या होत्या, ती रोपं आता वीतभर झाली आहेत, चार-सहा पानांची. मी पाइप खाली ठेवला. इकडे तिकडे पाहिलं. मग एका रोपाशी वाकून वरचा कोंब बोटांत धरला. तुमच्यासारखं सफाईनं काही जमलं नाही, दोनदा नख लावावं लागलं. बोटाला चिकट रस लागला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून नंदाचा आवाज आला, "खार आली वाटते अंगणात."

मी नुसता खाकरलो.